बारा व्होल्टची जाड वायर: आखाड्यावर सोलर इन्व्हर्टर जोडताना

जिंतूरकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मला बोलावणं आलं. तक्रार अशी: "बॅटरी फुल दाखवायलीय, पण मिक्सर लावला की इन्व्हर्टर बोंबलायलाय. कामून व्हायलंय बघा बरं."

मिक्सर चालू ठेवायला सांगून मी मल्टीमीटर लावला. बॅटरीच्या बोल्टवर १२.२ व्होल्ट. दहा फुटांवर भिंतीला टांगलेल्या इन्व्हर्टरच्या स्क्रूवर १०.५. मधले पावणेदोन व्होल्ट गेले कुठं? वायरला हात लावला आणि झटकन काढला. घराच्या फिटिंगची उरलेली चार स्क्वेअर एमएमची वायर होती, टोकं पिळून बोल्टाखाली दाबलेली. ५०० वॅटच्या मिक्सरला २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअर पुरतात, पण तीच ताकद १२ व्होल्टच्या बॅटरीतून ओढायची तर इन्व्हर्टरमधली घट धरून ५० अँपिअरच्या जवळ जातात. १.७ व्होल्ट गुणिले पन्नास, म्हणजे ८५ वॅट निव्वळ वायर तापवण्यात चालले होते. बॅटरी चांगली होती, इन्व्हर्टरही चांगला होता. पुढे आणखी तासभर कोणी मिक्सर चालवला असता तर शेजारचा कडबा मात्र राहिला नसता.

"बारा व्होल्टनं काय होतंय, करंट तर बसत नाही" हे मी दर दुसऱ्या वस्तीवर ऐकतो. करंट बसत नाही हे खरंच आहे. पण आग लागते. म्हणून या लेखात पॅनलपेक्षा बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या दोन वायरींवर जास्त जागा खर्च करणार आहे.

आधी वहीत हिशोब

आखाड्याला लागतं काय? नऊ वॅटचे तीन एलईडी पाच तास, म्हणजे १३५ वॅट-तास. तीस वॅटचा एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दहा तास, ३००. मोबाईल आणि फवाऱ्याच्या पंपाचा चार्जर मिळून १५० धरा. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच दहा वॅटच्या आसपास खातो, त्याचे रात्रीचे सव्वाशे-दीडशे. घटतूट धरून सगळं ८०० च्या घरात जातं.

१२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. त्यातले निम्मे वापरावेत, निम्मे तसेच ठेवावेत, तरच बॅटरी वर्षानुवर्षं साथ देते. म्हणजे ९००. बसतं. पॅनल १६५ वॅटचे दोन. चांगल्या उन्हात त्यांच्याकडून दिवसाला हजार-अकराशे वॅट-तास मिळतात. इन्व्हर्टर ८५० व्हीएचा, आणि तो शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो आणि मिक्सरची मोटार उगीच तापते.

या हिशोबात जुना ७५ वॅटचा पंखा बसवलात तर तो एकटाच रात्रीत ७५० खाईल. पंखा बदलणं हे मोठी बॅटरी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

विहिरीवरच्या मोटारीचा विचार इथं करूच नका. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना क्षणभर ती चार-सहापट ओढते. त्यासाठी पीएम-कुसुम आणि मागेल त्याला सौर कृषी पंप या योजना आहेत. त्यांत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. त्या पंपाच्या पॅनलमधून घरची वायर ओढण्याचे उद्योगही करू नका. त्या पॅनलांच्या माळेत कित्येक शे व्होल्ट डीसी असतात.

सामान

बॅटरी ते इन्व्हर्टर: २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची, बारीक तारांची लवचिक वायर, लाल आणि काळी. दुकानदार म्हणेल, "सोळाची चालती की." अगदी दोन-तीन फूट असेल तर चालेल. पण ८५० व्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ७० अँपिअर ओढतो, आणि तुम्ही आज ना उद्या मिक्सर लावणारच आहात. पंचवीसचीच घ्या. सर्व्हिस वायरची ॲल्युमिनियम इथं नको.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबायची, बोल्टासाठी भोक असलेली टोपणं. ती तांब्याची, कल्हई केलेली, २५ च्या वायरीचे आणि बॅटरीच्या बोल्टाच्या मापाचे. ती पकडीनं चेपून चालत नाही. तालुक्याच्या गावात मोठ्या केबलची कामं करणाऱ्याकडे हायड्रॉलिक क्रिम्पर असतो. वायर मापानं कापून त्याच्याकडूनच सगळी टोकं दाबून आणा. दाबलेलं थिंबल जोरात ओढून बघा. हललं तर तिथंच परत दाबून घ्या.

१०० अँपिअरचा डीसी फ्यूज, त्याच्या होल्डरसकट. गाडीच्या साउंड सिस्टिमचं सामान विकणाऱ्याकडेही तो मिळतो. चार्ज कंट्रोलरसाठी (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून बॅटरी बेतानं भरणारा डबा) ३० अँपिअरचा वेगळा. आणि पॅनलच्या लायनीवर ३२ अँपिअरची डीसी एमसीबी. तिच्यावर 'डीसी' छापलेलं असलंच पाहिजे. घरातली एसी एमसीबी तिथं लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, एमसीबी पाडली तरी आतल्या आत जळत राहते. डीसी एमसीबीला बहुतेकदा प्लस-मायनसची बाजू असते, ती बघूनच जोडा.

जागा

बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांच्या जवळ पाहिजेत, पण एकावर एक नकोत. चार्ज होताना ट्युब्युलर बॅटरीतून हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ निघते. वर इन्व्हर्टर टांगला तर वर्षभरात त्याच्या प्लेटा हिरव्या पडतात. बॅटरी खाली लाकडी फळीवर, इन्व्हर्टर बाजूच्या भिंतीला, वायर प्रत्येकी तीन-चार फूट. खोलीला वर झरोका असू द्या, कारण हायड्रोजन वर जातो.

पत्र्याच्या भिंतीवर इन्व्हर्टर लावू नका. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की तो पत्रा तव्यासारखा होतो. जुन्या माळवदाच्या घराची जाड मातीची भिंत असेल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच, फक्त मागं फळी मारून घ्या, नाहीतर स्क्रू मातीत धरत नाहीत. कडबा, भुस्सा, सरकी-पेंडीची पोती त्या खोलीतून बाहेर काढा.

पॅनल

तोंड दक्षिणेला, कलतेपण १९-२० अंश. लातूरपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत आपण साधारण तेवढ्याच अक्षांशात आहोत. बाभळीची किंवा लिंबाची सावली सकाळ-संध्याकाळ पडते का ते बघा. एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा त्या पॅनलचा बराच करंट खाऊन टाकते.

आता एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही आणि दर उन्हाळ्यात फोन येतात. "एवढं ऊन पडायलंय आणि बॅटरी भरंना." १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीचं पॅनल कागदावर १८ व्होल्ट देतं, पण ते २५ अंश तापमानाला. मेच्या दुपारी पॅनलच्या काचेखाली ७० अंश होतात आणि १८ चे १५ च्या आसपास उरतात. बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. हातात उरले अर्धा-पाऊण व्होल्ट. त्यात पॅनल पन्नास फुटांवर आणि वायर चारची असेल तर १८ अँपिअरला दोन व्होल्टहून जास्त वायरीतच जातात. मग ऊन कितीही पडू द्या, बॅटरी अर्धपोटीच राहणार.

म्हणून साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला (जो पॅनलचे जादा व्होल्ट वाया घालवतो) पॅनल जितकं जवळ तितकं बरं. वीस फुटांच्या आत सहाची सोलर केबल चालेल, पुढं दहाची. पॅनल लांबच ठेवावं लागत असेल तर एमपीपीटी कंट्रोलर (जो जादा व्होल्टचा करंट करून बॅटरीला देतो) घ्या आणि दोन्ही पॅनल एकापुढे एक सिरीजमध्ये जोडा. व्होल्ट दुप्पट, करंट निम्मा, वायरीतली घट निम्मी. पैसे जास्त जातात, पण वायरीत थोडे वाचतात. दोन पॅनलचे उघडे व्होल्ट, म्हणजे काही न जोडता मोजलेले, ४४ होतात आणि थंडीच्या सकाळी त्याहून थोडे वर जातात. कंट्रोलरची मर्यादा निदान ६० तरी पाहिजे. आणि ५०० वॅटच्या वरचं मोठं पॅनल स्वस्त मिळतंय म्हणून साध्या पीडब्ल्यूएमवर लावू नका. त्याचे उघडे व्होल्ट ५० च्या जवळ असतात.

जोडणी

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. पान्याला बोटभर सोडून सगळीकडं चिकटपट्टी गुंडाळा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकाऊ असताना माझा पाना प्लसच्या बोल्टवरून सुटून मायनसवर आडवा पडला. आवाज असा आला की बाहेर बांधलेला बैल दाव्यासकट उठला. १५० अँपिअरची बॅटरी शॉर्ट झाली की हजाराच्या वर अँपिअर सोडते. पाना तिथंच चिकटला, लालबुंद झाला, आणि मी तो लाथेनं उडवला. त्या पान्यावर खाच पडलीय. तो मी अजून पेटीत ठेवलाय, नवीन पोरं कामाला आली की दाखवायला.

पॅनलवर जाड गोधडी टाका. झाकलं नाही तर पॅनलच्या वायरी ऊन असेपर्यंत जिवंतच असतात, त्यांना बंद करायचं बटण नसतं.

सगळ्यात आधी भिंतीवरचं सगळं सामान जागेवर बसवा: फ्यूज होल्डर, एमसीबी, कंट्रोलर, इन्व्हर्टर. फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज अजून घालू नका. मोठा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे. फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून तो जितका तोकडा तितका बरा.

मग कंट्रोलर. आधी बॅटरी, नंतर पॅनल, हा क्रम मोडायचा नाही. कंट्रोलर बॅटरीचे व्होल्ट बघून १२ ची सिस्टिम आहे की २४ ची ते ठरवतो. आधी पॅनल लावलं तर त्याचा गोंधळ होतो, काही स्वस्त कंट्रोलर जळतातही. मायनस, मग प्लस, मग ३० चा फ्यूज घाला. पडद्यावर बॅटरीचे व्होल्ट दिसले पाहिजेत. बॅटरीचा प्रकार ट्युब्युलर किंवा फ्लडेड निवडा. लिथियम घेतली असेल तर तिचं वेगळं सेटिंग असतं. आता एमसीबी पाडलेली ठेवून पॅनलच्या वायरी जोडा, गोधडी काढा, मल्टीमीटरनं प्लस-मायनस तपासा, एमसीबी वर करा. काढताना उलटा क्रम: आधी पॅनल, शेवटी बॅटरी.

कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेलं तिसरं टर्मिनल असतं. इन्व्हर्टर तिथं जोडायचा नाही. नवीन माणसाची हमखास होणारी चूक हीच. ते टर्मिनल दहा-वीस अँपिअरचं, आणि इन्व्हर्टर ओढणार सत्तर. इन्व्हर्टरच्या दोन्ही जाड वायरी सरळ बॅटरीवर जातात, प्लसमध्ये फक्त फ्यूज.

आता इन्व्हर्टर. त्याचं बटण बंद. काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल वायर फ्यूज होल्डरला, दुसरी टोकं इन्व्हर्टरला. थिंबल सरळ शिशाच्या टर्मिनलला टेकलं पाहिजे, मध्ये वायसर नको. वायसर थिंबलच्या वर, मग नट. मध्ये वायसर घातल्यानं तापलेले बोल्ट मी मोजायचे सोडून दिलेत.

मोठा फ्यूज घालण्याआधी ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा जुना बारा व्होल्टचा बल्ब घ्या. त्याला दोन वायरी लावा आणि फ्यूजच्या जागी, होल्डरच्या दोन्ही बाजूंना टेकवा. बल्ब क्षणभर पेटेल आणि मंद होत विझेल. याचा अर्थ इन्व्हर्टरमधले कपॅसिटर हळूच भरले आणि जोडणी बरोबर आहे. विझल्याबरोबर बल्ब काढून फ्यूज घाला, ठिणगी उडणार नाही. बल्ब विझतच नसेल, भक्क पेटून राहिला असेल तर हात मागं घ्या. प्लस-मायनस उलटं झालंय किंवा आत शॉर्ट आहे. थेट फ्यूज घातला असता तर इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला असता. दहा-वीस रुपयांच्या जुन्या बल्बनं हे कळतं.

२३० ची बाजू

इथून पुढं मात्र करंट बसतो, आणि जीव जातो. हे काम येत नसेल तर परवानाधारक वायरमन बोलवा. डीसी बाजू तुम्ही स्वतः केली असेल तरी बोलवा.

इन्व्हर्टरमधून बाहेर पडलेल्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी दोन पोलची ६ अँपिअरची एमसीबी, मग बोर्ड. दिव्यांना दीडची वायर, सॉकेटला अडीचची. डीसीमध्ये काळी म्हणजे मायनस आणि एसीमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. एकाच पट्टीतून दोन्ही नेल्या की सहा महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येणार नाहीत. वेगवेगळ्या पाइपातून न्या.

आखाड्यावर महावितरणची लाईट आधीच असेल तर इन्व्हर्टरचं आउटपुट त्याच बोर्डात टू-पिन घालून देऊ नका. लाईट आली की इन्व्हर्टर फुटतो. त्याहून वाईट म्हणजे लाईट गेलेली असताना तुमचे २३० व्होल्ट उलटे तारेवर चढतात आणि डीपीतून जाताना वाढतात, नेमका तेव्हा खांबावर लाईनमन असतो. दोन्ही पाहिजेत तर दोन पोलचा चेंजओव्हर (एका वेळी एकच लाईट जोडणारा स्विच) बसवा.

अर्थिंगला आपल्याकडं काळी माती चांगली साथ देते, पण फक्त ओली असेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये भारी रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती रॉडला सोडून देते. रॉड निदान सात-आठ फूट खोल ठोका, शक्यतो हातपंपाच्या किंवा मोरीच्या सांडपाण्याजवळ, आणि उन्हाळ्यात आठ दिवसाला एक घागर पाणी घाला. पॅनलची चौकट आणि इन्व्हर्टरची बॉडी एकाच अर्थिंगला जोडा. पॅनलला वेगळा रॉड केलाच असेल तर दोन्ही रॉड जाड तारेनं एक करा. इन्व्हर्टरचा न्यूट्रल किंवा बॅटरीचा मायनस मात्र मनानं अर्थला जोडायचा नाही. काही इन्व्हर्टरमध्ये त्यामुळं आतलं सर्किट जातं. कंपनीच्या पुस्तकात तसं सांगितलं असेल तरच. आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लावणार असाल तर हेच पान आधी वाचा, कारण न्यूट्रल आणि अर्थची गाठ नसेल तर ती नुसतीच बोर्डात बसून राहते.

मृगाच्या आधीच्या अवकाळीत आपल्याकडं विजा फार पडतात. पॅनलच्या लायनीवर डीसी सर्ज प्रोटेक्टर बसवा. आभाळ गडगडायला लागलं की एमसीबी पाडून ठेवा.

पहिली रात्र आणि नंतर

पहिल्यांदा एकच बल्ब लावा. मग पंखा. मग मिक्सर, आणि मिक्सर चालू असताना मी जिंतूरला केलं तेच करा: बॅटरीवरचे व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या स्क्रूवरचे व्होल्ट मोजा. फरक ०.३ च्या आत पाहिजे. जास्त आला तर एकेका सांध्यावर मीटर टेकवत चला, ज्या सांध्यावर व्होल्ट पडतात तो सैल आहे. अर्धा तास चालवून इन्व्हर्टर बंद करा आणि थिंबलना हात लावा. कोमट ठीक, चटका नको.

आठव्या दिवशी सगळे बोल्ट पुन्हा आवळा. शिसं मऊ असतं, पहिल्या आठवड्यात दबतं आणि बोल्ट आपसूक ढिला होतो. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे पांढरी बुरशी चढत नाही. डिस्टिल्ड वॉटर महिन्याला बघा, उन्हाळ्यात पंधरवड्याला. बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या बोअरला क्षार किती असतात हे चहाच्या पातेल्याला विचारा.

सकाळी उठल्याबरोबर, ऊन लागायच्या आत आणि भार बंद असताना बॅटरी १२.२ च्या खाली दिसायला लागली तर निम्म्याहून जास्त वापर होतोय. ढगाळ आठवड्यात पंख्याचे तास कमी करा. सोयाबीनच्या मळणीनंतर पॅनलवर भुश्श्याचा थर बसतो, तो सकाळी थंडगार असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि उंदीर. वायर पाइपात असली तरी पाइपाची तोंडं चिंध्या कोंबून बंद करा, नाहीतर हरभरा निघाल्यावर तो आधी पोत्याकडं येतो आणि मग तुमच्या लाल वायरीकडं.